वाजणाऱ्या कुंड्यांची ओळ

१

"आत येऊ नकोस, धाकटे," जाऊबाई म्हणाल्या आणि स्वतःही काचघराच्या उंबऱ्यातच थांबल्या.

मी त्यांच्या मागे भरलेल्या झाऱ्या घेऊन उभी. त्यांच्या खांद्यावरून डोकावले तेव्हा कळलं. मानाच्या ओळीतल्या शेवंतींनी माना टाकल्या होत्या. खालची पानं पिवळी पडत चालली आहेत हे आम्ही दोघी बरेच दिवस पाहत होतो आणि एकमेकींना सांगत नव्हतो. आज शेंडेसुद्धा ओल्या फडक्यासारखे कुंड्यांच्या काठांवर लोंबत होते. जाऊबाईंनी एका कुंडीत बोट घातलं. बाहेर काढलं तर नखापर्यंत चिखल.

"ओली आहे गं माती," त्या पुटपुटल्या. "पाण्यात उभी राहून तहानेनं कशी मरतायत ही?"

या गोष्टीला इतकी वर्षं लोटली की त्या काचघराच्या जागी आता काय उभं आहे ते बघायलाही मी जात नाही. पण त्या सकाळचा वास अजून नाकात आहे. तळ्यातला गाळ उपसल्यावर येतो तसा.

आमच्या सासरची नर्सरी होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शून्यातून उभी केलेली. मानाच्या ओळीतली शेवंती त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या मुलानं मिळून तयार केली होती. भाजलेल्या विटेचा आतला रंग असतो ना, तसं फूल. दुसरीकडे कुठेच नव्हतं. फूल धरलं आणि थोरले दीर गेले. मागे उरल्या जाऊबाई आणि ही ओळ. घरात तिला कुणी शेवंती म्हणत नसे, "दादाची ओळ" म्हणत. तिला पाणी घालायचं काम जाऊबाईंचं. बाकी सगळं मामंजींचं. कुंड्या बदलणं, शेंडे खुडणं, नवी रोपं करणं, कशालाही दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि काही विचारायचंही नाही. त्या वर्षी नवी रोपं करायला मामंजींना उसंत मिळाली नव्हती. म्हणजे समोर मरत होतं तेवढंच होतं.

मधले भावजी धावत आले. त्यांनी ओळ पाहिली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "इथं पाणी कोण घालतं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मागून मामंजी आले. हात पाठीशी बांधलेले, त्या वर्षी वाढवलेली पांढरी दाढी छातीवर. ओळीकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"थोरले, किल्ली ठेव त्या फळीवर," ते म्हणाले. "उद्यापासून इथं यायचं नाही."

"मामंजी, मी कधी..."

"आणि तुझ्या भावाला निरोप धाडतो. काही दिवस माहेरी राहा."

काही दिवस म्हणजे किती, ते त्या घरात कुणी विचारत नसे. जाऊबाईंनी किल्ली ठेवली. ती ठेवतानाचा आवाज मला त्यांच्या रडण्यापेक्षा मोठा वाटला. कारण त्या रडल्याच नाहीत.

२

मी झाऱ्या तिथेच टाकल्या आणि गल्लीच्या टोकाला पळाले. तिथे रोगबाई राहत.

हे नाव मामंजींनीच ठेवलेलं. बाई कॉलेजात झाडांचे रोग शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्याकडे येत, काही विकत न घेता प्रत्येक कुंडी हुंगत आणि "हिचं काही खरं नाही" म्हणून निघून जात. मामंजी त्यांच्यावर चिडत आणि महिनाभर आल्या नाहीत तर चौकशीही करत.

"कोण मेलं?" दार उघडताच त्यांनी विचारलं.

"दादाची ओळ."

बाईंनी चपला पायात सरकवल्या. दुसरा प्रश्न त्यांनी चालता चालता विचारला. "आणि कुणाला फासावर चढवलंय?"

"जाऊबाईंना."

काचघरात सगळे होते तसेच उभे होते. भावजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे घरचं प्रकरण आहे."

"मेलेल्या झाडांची मी बाई. जिवंत झाडवाले मला बोलावत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पहिल्या कुंडीवर वाकल्या. चिमूटभर माती नाकाशी नेली. मग बोटांनी खोल उकरून एक मूळ वर ओढलं आणि चिमटीत धरून हळूच खेचलं. मुळाची तपकिरी साल पायमोज्यासारखी निघून आली. आत नुसता दोरा उरला.

"कुणी विष घातलंय का?" मी विचारलं. माझी आशा त्याच्यावरच होती. विष कुणीही घालू शकतं.

"विषाला असा वास नसतो. ही मूळकूज. मुळांनाही श्वास लागतो गं. मातीतल्या फटी पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी त्यांच्यावर तुटून पडते. मुळंच गेली की भोवती पाणी असून उपयोग काय? म्हणून वरून तहानल्यासारखी दिसतात." त्यांनी हात झटकले. "ही झाडं बुडवून मारलीयत. रोज थोडी थोडी."

सगळ्यांचे डोळे जाऊबाईंकडे वळले. त्यांना वाचवायला मी ज्यांना आणलं, त्यांनीच गळफास आवळला होता.

३

"रोज घालायचीस पाणी?" बाईंनी जाऊबाईंना विचारलं. आवाजात माया नव्हती.

"नाही. कुंडी मागेल तेव्हाच."

"कुंडी मागते?"

जाऊबाईंनी कोपऱ्यातली वेताची काठी आणली. तिच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बसवलेलं होतं. ही मामंजींची पद्धत, आमच्या नर्सरीत रुजलेली. मातीच्या कुंडीला खांद्याजवळ रिळानं टकटक करायचं. आतली माती ओली असेल तर कुंडी बद्द बोलते. वाळली असेल तर खणखणते. बद्द म्हणाली तर पुढे जायचं, खणखणली तर पाणी द्यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराआधी मला ही काठी दाखवली होती.

"या ओळीला वाजव," बाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी पहिल्या कुंडीवर टकटक केलं. खण्ण. दुसरीवर. खण्ण. सगळी ओळ देवळातल्या घंटांसारखी वाजत गेली. मग शेजारच्या साध्या जिरेनियमच्या कुंडीवर टकटक केलं. बद्द.

"गेले कित्येक दिवस ही अशीच वाजतेय," जाऊबाई म्हणाल्या. "वाजली की मी घालते. वरची माती ओली दिसायची, पण मामंजी नेहमी सांगतात, डोळा वरचं बघतो, कान आतलं ऐकतो. कानावर विश्वास ठेव."

भावजी हसले. "वा वहिनी! आत चिखल आणि कुंडी म्हणे कोरडी!"

"तुम्ही वाजवून बघा."

भावजींनी काठी घेतली, वाजवली आणि हसू गिळून काठी परत दिली.

बाई मात्र वाकून भलतीकडेच बघत होत्या. जिरेनियमची कुंडी त्यांनी उचलली. बाहेरून क्षारांचे पांढरे ओघळ, तळाशी शेवाळ, खाली फळीवर ओलं वर्तुळ. मानाच्या ओळीतल्या कुंड्या मात्र बाहेरून कालच भट्टीतून काढल्यासारख्या लाल आणि स्वच्छ. त्यांच्या तळाशी फळीवर बोट फिरवलं तर धूळ. कोरडी धूळ.

"इतकं पाणी प्यायल्या," बाई स्वतःशीच बोलल्या, "आणि एक थेंब घाम नाही?"

त्या ताठ झाल्या. "एक तर ही मुलगी खोटं बोलतेय, नाहीतर या कुंड्या."

४

"कुंड्या कुणी बदलल्या?" त्यांनी विचारलं. "मागच्या खेपेला मी आले तेव्हा लहान होत्या."

"एका सकाळी आलो तर मोठ्या दिसल्या," जाऊबाई म्हणाल्या. "मामंजींनीच बदलल्या असणार. दुसरं कोण हात लावणार?"

"मीच बदलल्या," मामंजी म्हणाले. "दरवर्षी बदलतो. त्यात काय विशेष?"

बाईंनी नुसती मान हलवली आणि मोर्चा भावजींकडे वळवला. "मधले, तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? पिवळी पडली म्हणून जरा खत दिलं."

"आजारी माणसापुढे पंगत मांडलीत. मुळं कुजत असताना खत म्हणजे जखमेवर मीठ."

"मला काय ठाऊक कुजतायत! मी कधीचा सांगतोय, मातीच्या कुंड्या सोडा, प्लास्टिकच्या आणा, पाण्याला नळ्या बसवा. पण इथं काठीनं ठोकून ठोकून झाडांना जागवायचं! दादा होता तेव्हापासून माझं कुणी ऐकलंय?"

बोलता बोलता भावजींचा आवाज चढला आणि मग एकाएकी उतरला. मी मनाशी म्हटलं, सापडला. ओळ मेली की काठी गेली, काठी गेली की जाऊबाई गेल्या आणि नर्सरी यांची. बाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. भावजींच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली आणि कुंभार आत आला. आला तो भांडतच.

"मालक, त्या दवाखान्याच्या माणसानं मला चार लोकांत चोर म्हटलं! त्याच्यासाठीच्या शोभेच्या, बिनभोकाच्या, आतून रोगण लावलेल्या कुंड्या मी मोजून तुमच्या शेडमध्ये उतरवल्या होत्या. त्याला कमी मिळाल्या. मी काय वाटेत खाल्ल्या?"

"नंतर बोलू," मामंजी म्हणाले.

"नंतर कधी? मागच्या वेळीही नंतरच म्हणालात! आणि मालक, दाढी कसली वाढवलीय? ऋषी झालात की काय?"

कुंभार एकटाच हसला. आम्हीही त्या दाढीवरून मामंजींची थट्टा केली होती, ती नवी असताना. बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "जरा सगळ्यांना चहा टाक गं."

मी चहा आणला. सगळ्यांनी कप उचलले. मामंजींनी हात पाठीशी तसेच ठेवले. "ठेव तिथं. निवू दे."

"तुम्ही तर कढत चहा पिणारे, मालक," बाई म्हणाल्या.

"वय झालं."

"खरंय. तर आता एक झाड उपटून कुंडीच्या आत बघू या."

"नाही!" मामंजींचा आवाज काचांवर आपटला. "या ओळीला कुणी हात लावायचा नाही. मेली तर मेली. अशीच राहू देत."

"मालक, एखादा शेंडा वाचवता येईल. उशीर झाला तर तोही नाही."

"मी नाही म्हटलं ना!"

त्या घरात या शब्दापुढे शब्द नव्हता. भावजींनी मान खाली घातली. बाई, ज्यांना कुणाचीच भीती नव्हती, त्याही थांबल्या, कारण कुंड्या त्यांच्या नव्हत्या. झाडं समोर मरत होती आणि आम्ही सगळे कप हातात धरून उभे होतो.

मग टकटक ऐकू आली.

५

जाऊबाई ओळीपाशी उभ्या होत्या. काठी उलटी धरलेली, जाड मूठ पुढे.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "या घरात आल्यापासून मी तुमचा शब्द मोडला नाही. ही कुंडी खणखणते म्हणून मी तिला पाणी दिलं. तीच खोटी निघाली तर मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

"थोरले, ठेव ती काठी."

"यांच्या हातची झाडं आहेत ही. माझ्या हातून गेली असतील तर मी उद्या कशाला, आत्ताच जाते. पण बघून जाते."

आणि त्यांनी कुंडीवर घाव घातला.

खापरं उडाली. फळीवरून काळं, दुर्गंधी पाणी धबाधबा वाहिलं आणि आमच्या पायांशी पसरलं. कुंडी फुटली होती. तरी शेवंती उभीच होती.

ती दुसऱ्या कुंडीत होती. फुटलेल्या कुंडीच्या पोटात लहान, जुनी, शेवाळलेली कुंडी. मधल्या फटीवर गोणपाट दाबून, वरून मातीचा थर देऊन तिचा काठ झाकलेला. तिला काठापासून बुडापर्यंत तडा गेलेला आणि भोवती सुतळी गुंडाळलेली.

"कुंडीत कुंडी!" कुंभार ओरडला. "ही बाहेरची माझी! बिनभोकाची, रोगणाची!"

"म्हणून घाम नव्हता," बाई म्हणाल्या. "म्हणून फळी कोरडी. वरून घातलेलं पाणी आतल्या कुंडीतून झिरपायचं आणि बाहेरच्या कुंडीच्या तळाशी साठायचं, बाहेर पडायला वाटच नाही. मुळं डबक्यात उभी. आणि वर खांद्याजवळ दोन कुंड्यांच्या मध्ये पोकळी. काठी त्या पोकळीवर पडायची आणि कुंडी खणखणायची. जितकी खणखणायची तितकं हिनं पाणी दिलं, आणि प्रत्येक थेंब इमानदारीनं दिला."

जाऊबाईंनी काठी खाली ठेवली. पण आता खरा प्रश्न उभा होता आणि भावजींनी तो उचलला.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम... अरे, तूच!" ते कुंभारावर धावले. "कुंड्या तुझ्या!"

"आजच्याआधी माझा या काचघरात पाय तरी पडलाय का कधी, साहेब?"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या आतल्या कुंडीवर वाकल्या होत्या. "मधले, झाड काठीला बांधताना तुम्ही गाठ कशी मारता?"

"बाबांनी शिकवलीय तशी. डोळे मिटून मारेन."

"धाकटी?"

"मलाही येते," मी म्हटलं.

"कुंभारदादा, तुम्हीही गाडीला दोर बांधता. या सुतळीला बघा. फेरे अगदी बरोबर आहेत, तडा कुठे दाबायचा ते माहीत असलेल्या माणसाचे. पण गाठ नाही. दोन्ही टोकं नुसती आत खोचलीयत." त्यांनी मान वर केली. "हे ज्यानं केलं त्याला गाठ येत होती. मारता येत नव्हती."

खिशातून त्यांनी सुतळीचा तुकडा काढला आणि मामंजींपुढे धरला.

मामंजींचे हात पाठीशीच राहिले.

६

"माझ्या वडिलांना असंच झालं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. इतक्या हळू त्यांना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "आधी वस्तरा सुटला, मग दाढी आली. मग चार माणसांत चहा बंद. सही करायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. मालक, या वर्षी नवी रोपं करायला उसंत नव्हती, की कात्री धरवत नव्हती?"

काचेच्या छपरावर एक पक्षी चालत होता. त्याच्या नख्या ऐकू येत होत्या.

मामंजींनी हात पुढे आणले. मी त्या हातांना डोळ्यांत न मावणारं बी चिमटीनं पेरताना पाहिलं होतं. आता ते वाऱ्यावरच्या पानासारखे हलत होते, आणि ते थांबवायला त्यांनी एक दुसऱ्यात धरला तर दोन्ही हलू लागले.

"एक कुंडी उचलायला गेलो," ते म्हणाले. "निसटली. फळीवर आपटली, फळी कलंडली. त्याच्या ओळीतल्या कितीतरी तडकल्या. त्यानं माझ्या हाती सोपवलेली एवढी एकच गोष्ट." ते थांबले. "शेडमध्ये त्या कुंड्या होत्या. नीट बदली करायला हात चालेनात. म्हणून तशाच आत बसवल्या. काही फुटक्या, काही धड, पण सगळ्याच बसवल्या. एकसारख्या दिसाव्यात म्हणून."

"आणि मरायला लागल्या तेव्हा?" जाऊबाईंनी विचारलं.

"वाटलं, पडण्यानंच मरतायत. माझ्या हातांनीच."

"पडल्यानं मेल्या नसत्या," बाई म्हणाल्या. "शेवंती चिवट असते. लपवण्यानं मेल्या."

"तुम्हाला ठाऊक होतं मी काही केलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. "तरी माझ्या भावाला निरोप धाडणार होतात."

मामंजींनी फळीवरची किल्ली उचलली. ती त्यांच्या हातात खुळखुळत राहिली, जाऊबाईंच्या हातात जाईपर्यंत.

"उद्यापासून मी इथं येणार नाही," ते म्हणाले.

जाऊबाईंनी किल्ली मुठीत धरली. आमच्या सगळ्यांचा श्वास त्या मुठीत होता. म्हणाल्या असत्या 'बरं', तर कुणीही त्यांना दोष दिला नसता.

"मग शेंडे कुठून खुडायचे ते मला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "मला राग आलाय मामंजी, आणि तो लवकर जायचा नाही. पण झाडं तोवर थांबायची नाहीत. बसा त्या स्टुलावर."

७

दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळे खपलो. कुंड्या फोडल्या, मुळं धुतली. बाई एकेक मूळ चिमटीत खेचून बघायच्या. साल सुटली की "गेली" म्हणायच्या. कात्री झाडागणिक स्पिरिटनं पुसायची, आणि कुजकी माती परत वापरायची नाही, झाडाखाली टाकायचीसुद्धा नाही. मधले भावजी खाली मान घालून ती वाहून नेत होते. एकदा थांबून म्हणाले, "वहिनी, झारी भरून आणू?"

"नको भावजी. या घरात पाणी पुरे झालं."

खिडकीकडच्या टोकाच्या झाडाला तेवढी पांढरी मुळं उरली होती. ते झाड विटांचा चुरा आणि वाळू मिसळून हलक्या मातीत, त्याच्या मापाच्याच कुंडीत लावलं आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर टेकवली, म्हणजे खालचं भोक मोकळं राहील. बाकीच्यांचे शेंडे अजून हिरवे होते.

"पेराच्या खाली," मामंजी स्टुलावरून सांगत होते. "तिथं नाही, जरा खाली. हां." जाऊबाई कापत होत्या. ओल्या वाळूत शेंडे खोचत होत्या. मला आठवतं, एकदाही त्यांनी मामंजींकडे वळून पाहिलं नाही, आणि एकदाही त्यांचा शब्द चुकवून कापलं नाही.

बरेच शेंडे गेले. काही धरले. पुढच्या हंगामात काचघराच्या कोपऱ्यात विटेच्या आतला रंग उमलला तेव्हा जाऊबाई मला हाक मारायलाही आल्या नाहीत. एकट्याच बराच वेळ आत उभ्या होत्या. आज माझ्या गॅलरीत आहे ती त्याच झाडाची शेवंती. अजूनही रिळाच्या काठीनं ठोकून बघते आणि मग मातीत बोटही घालते. कान आणि बोट, दोघांची साक्ष जुळली तरच पाणी.

पण सांगायचं होतं ते दुसरंच. त्या संध्याकाळी, सगळं आवरल्यावर, जाऊबाईंनी स्वतः चहा केला. सगळ्यांना भरून दिला. मामंजींपुढे कप ठेवला तो अर्धाच भरलेला. कितीही हात हलला तरी सांडणार नाही इतकाच. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी उचलला आणि कढत कढत प्यायले.

कप खाली टेकताच जाऊबाईंनी उरलेला अर्धा त्यात ओतला. मामंजी होते तोवर त्या घरात त्यांचा चहा असाच दोनदा यायचा आणि कुणी कधी काही विचारलं नाही.